कथिताची कल्हई: बातमीत आणि लेखात ‘कथित’ कुठे लावावं, कुठे नाही

‘विहिरीत कथित मृतदेह आढळल्याने परिसरात एकच खळबळ उडाली.’

हे वाक्य माझ्या हातून छापून गेलेलं आहे. उपसंपादक म्हणून पहिलं वर्ष, रात्रपाळी, आणि ‘पोलिसांची बातमी आहे, जपून लिही’ एवढीच शिकवण डोक्यात. जपून लिहिणं म्हणजे जागा मिळेल तिथे ‘कथित’ लावणं, असा माझा समज होता. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी अंक पुढ्यात टाकला. ‘मृतदेह कथित म्हणजे काय रे? तो स्वतः सांगत होता का, मी मेलोय म्हणून?’

नंतर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कॉप्या, म्हणजे छापायला आलेले बातम्यांचे मजकूर, तपासल्या, तेव्हा कळलं की हा समज माझ्या एकट्याचा नाही. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट कळकू नये म्हणून आतून कथलाची कल्हई करतात, तशी आरोप कळकू नये म्हणून बातमीला कथिताची कल्हई करायची, अशी पद्धतच पडली आहे. पण कल्हई भांड्याला करतात, आमटीत ओतत नाहीत. हा शब्द नेमका कुठे लावायचा, कुठे अजिबात नाही आणि त्याच्याऐवजी काय लिहायचं, ते इथे क्रमाने सांगतो. बातमीदार, उपसंपादक, स्तंभलेखक आणि तालुक्याच्या गावी एकट्याने पोर्टल चालवणारे, सगळ्यांना उपयोगी पडावं. ज्या उदाहरणांत नावगाव नाही ती मी नमुन्यादाखल रचलेली आहेत.

आधी शब्द समजून घ्या

कथा, कथन, कथानक, कथेकरी ज्या ‘कथ्’ धातूपासून आले त्याच धातूचं हे रूप. कथित म्हणजे सांगितलेलं. पाणिनीचं ‘अकथितं च’ हे सूत्र व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना आठवेल, तिथेही अकथित म्हणजे न सांगितलेलं, एवढाच अर्थ. या शब्दात मुळात शंका नाही, खोटेपणा नाही, सावधगिरीही नाही. आजच्या बातमीत तो इंग्रजी ‘अलेज्ड’च्या जागी उभा असतो आणि शंकेची छटा त्याला त्या कामातून चिकटली आहे.

मूळ अर्थ लक्षात ठेवायचा तो एका कारणासाठी. सांगितलेलं म्हटलं की सांगणारा आला. प्रत्येक ‘कथित’च्या पोटात एक कर्ता दडलेला असतो. त्याला बाहेर काढणं हे पहिलं काम.

पहिली पायरी: कोणी कथिलं?

कॉपीत ‘कथित’ दिसला की तिथेच थांबून विचारा: कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, कशाच्या जोरावर? उत्तर अनेक प्रकारचं येऊ शकतं. फिर्यादीत आहे. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात आहे. चौकशी समितीच्या अहवालात आहे. विरोधी पक्षनेत्याने पत्रकार परिषदेत सांगितलं. किंवा, आणि हे आपण समजतो त्याहून जास्त वेळा घडतं, नगरपालिकेसमोरच्या टपरीवर तिघेजण बोलत होते.

उत्तर शेवटचं असेल तर ‘कथित’ने काही भागत नाही. बातमी अजून झालेलीच नाही. आणि उत्तर आधीच्यांपैकी असेल तर तेच लिहा, ‘कथित’ची गरज बहुधा संपते. ‘रस्त्याच्या कामात कथित गैरव्यवहार’ यापेक्षा ‘रस्त्याच्या कामात गैरव्यवहार झाल्याचा ठपका लेखापरीक्षणात ठेवण्यात आला आहे’ हे वाक्य वाचकाला किती जास्त देतं पाहा. आरोपाचं वजन कळतं, तो कुठून आला ते कळतं, आणि लेखापरीक्षकावर विश्वास ठेवायचा की नाही ते वाचक स्वतः ठरवू शकतो.

कायद्याच्या बाजूनेही हेच पथ्य कामाचं आहे. ‘कथित’ लिहिलं म्हणजे बदनामीचा खटला होत नाही, ही गैरसमजूत आहे. दुसऱ्याने केलेली बदनामी तुम्ही छापली तर ती तुम्हीही केलेली असते. भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आली, शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय आहे. या कलमाला जे अपवाद आहेत ते सत्य आणि लोकहित, न्यायालयीन कामकाजाचं खरंखुरं वृत्त, सद्भावनेने व्यक्त केलेलं मत अशा गोष्टींचे आहेत. ‘कथित हा शब्द वापरला असल्यास’ असा अपवाद त्यात नाही. याउलट विधानसभेत केलेल्या आरोपाचं खरंखुरं वृत्त, त्यात द्वेषबुद्धी नसेल तर, राज्यघटनेच्या ३६१-अ अनुच्छेदाने संरक्षित आहे. म्हणजे ‘विधानसभेत बोलताना केला’ हे तीन शब्द तुम्हाला जे देतात ते दहा वेळा ‘कथित’ लिहूनही मिळणार नाही. तोच आमदार बाहेर येऊन पायऱ्यांवर तेच बोलला, तर हे संरक्षण गेलं. म्हणून ‘कुठे सांगितलं’ हेही लिहायचं.

सांगणारा कोण आणि त्याच्या हातातला कागद खरा का, हे न पाहण्याची किंमत मराठी पत्रकारितेने फार लवकर मोजली आहे. ‘केसरी’ सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच कोल्हापूरच्या दिवाणांवर आरोप करणारी पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापली गेली. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. हेतू चांगला होता, कागद खोटा होता.

दुसरी पायरी: घटना आणि दावा वेगळे करा

नमुना घेऊ. जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा तरी येणारी बातमी:

‘कथित लाचखोर तलाठी जेरबंद. सातबाऱ्यावर फेरफार नोंदवण्यासाठी कथितरीत्या पाच हजारांची लाच स्वीकारताना तलाठ्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने रंगेहाथ पकडले.’

कागदाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे जे घडलं आणि कुणीही नाकारत नाही ते: तक्रार झाली, सापळा लागला, तलाठ्याला ताब्यात घेतलं, गुन्हा दाखल झाला. उजवीकडे जे अजून सिद्ध व्हायचंय ते: त्याने पैसे मागितले, घेतले ते लाच म्हणून घेतले. डावीकडच्या एकाही गोष्टीला ‘कथित’ लागत नाही. ‘कथित अटक’, ‘कथित छापा’, ‘कथित तक्रार’ ही सगळी विहिरीतल्या मृतदेहाची भावंडं.

आता ‘रंगेहाथ’ पाहा. हा शब्द म्हणजे थेट निकाल आहे. एकाच वाक्यात ‘कथितरीत्या’ आणि ‘रंगेहाथ’ आले की एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर. शिवाय हातात पावडर लावलेल्या नोटा सापडल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असं कायदाही मानत नाही. लाचेची मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या पाहिजेत, मग त्या परिस्थितीजन्य पुराव्याने का असेना, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘मागणी’ ही उजव्या बाजूचीच गोष्ट.

मी कॉपी अशी करीन:

‘सातबाऱ्यावर फेरफार नोंदवण्यासाठी पाच हजार रुपयांची लाच मागून ती स्वीकारल्याच्या आरोपावरून तलाठ्याविरुद्ध गुन्हा दाखल करण्यात आला. शेतकऱ्याच्या तक्रारीवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने मंगळवारी दुपारी सापळा लावला होता. पंचांसमक्ष रक्कम स्वीकारताना तलाठ्याला ताब्यात घेतल्याचे विभागाने पत्रकात म्हटले आहे.’

‘कथित’ एकदाही नाही. वाक्यं मात्र आधीपेक्षा सुरक्षित आहेत आणि माहितीही जास्त आहे. तलाठ्याला फोन लावून त्याचं म्हणणं विचारलं असेल, तर ते चौथं वाक्य.

तिसरी पायरी: मराठीचं स्वतःचं हत्यार वापरा

इंग्रजी बातमीला असं विशेषण किंवा क्रियाविशेषण लागतं कारण तिथे छोट्या वाक्यात दावा बसवण्याची ती सोय आहे. मराठीकडे याहून चांगली सोय आहे: ‘-ल्याचा’, ‘-ल्याचे’. पैसे घेतल्याचा आरोप, धमकावल्याची तक्रार, गैरहजर राहिल्याचा ठपका, पळून गेल्याचे समजते, मारहाण केल्याचे फिर्यादीत म्हटले आहे. शंका क्रियेला चिकटते, तिथेच ती असायला हवी, आणि पुढच्या नामातून दाव्याची जातही कळते. आरोप, तक्रार, ठपका, संशय, दावा, कबुली हे सहा शब्द सहा वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कथित’ या सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

बोलीत तर आपण पिढ्यानपिढ्या ‘म्हणे’ वापरत आलो. ‘सरपंचांनी म्हणे टँकरचे पैसे खाल्ले.’ एका शब्दात तीन गोष्टी झाल्या: मी ऐकलंय, मी पाहिलेलं नाही, खरंखोटं तुम्ही बघा. बातमीत ‘म्हणे’ लिहू नका, तो चावडीचा सूर आहे. पण कॉपी वाचताना प्रत्येक ‘कथित’च्या जागी मनात ‘म्हणे’ म्हणून पाहा. ‘विहिरीत म्हणे मृतदेह आढळला’ असं वाचलं असतं तर मी त्या रात्री वाचलो असतो.

‘कथितरीत्या’ या शब्दाबद्दल मला वैयक्तिक आकस आहे, तो लपवत नाही. हिंदी एजन्सीच्या कॉपीतल्या ‘कथित तौर पर’चं हे घाईतलं भाषांतर. ‘त्याने कथितरीत्या तिला ढकलले’ असं मराठी माणूस कोर्टातही बोलत नाही आणि घरीही नाही. ‘ढकलल्याचा आरोप’ लिहा, सुटलात. आणि लिहायचाच असेल तर ‘री’ दीर्घ.

चौथी पायरी: लावायचाच असेल तर नेमका कशाला?

‘कथित’ पूर्ण टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. बातमीत आरोप कुणाचा ते एकदा सांगून झालं की पुढे प्रत्येक परिच्छेदात ‘गैरव्यवहार झाल्याचा आरोप असलेल्या प्रकरणाची’ असं लिहीत बसणं वाचकाच्या जिवावर येतं. तिथे ‘कथित गैरव्यवहाराची चौकशी’ हे आटोपशीर आणि योग्य. माझ्या मते या विशेषणाची खरी जागा हीच: दुसऱ्या उल्लेखापासून पुढे, आणि मथळ्याखालच्या छोट्या ओळीत.

पण जागा चुकली की अर्थ पालटतो. चांगला-चांगली-चांगले असं बदलतं तसं हे विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ते कोणत्या नामाचं आहे हे केवळ जागेवरूनच कळतं. या तीन ओळी पाहा:

‘कथित जमीन घोटाळ्यातील दलाल’
‘जमीन घोटाळ्यातील कथित दलाल’
‘कथित घोटाळेबाज बिल्डरच्या भावाची चौकशी’

पहिलीत घोटाळा झाला की नाही ते ठरायचंय, पण हा माणूस दलाल आहे हे तुम्ही ठरवून टाकलं. दुसरीत घोटाळा पक्का, माणूस शंकेचा. तिसरीत कथित कोण: घोटाळेबाज, बिल्डर की भाऊ? वकील तिन्ही अर्थ लावून दाखवील. अशा वेळी वाक्य फोडा.

दुहेरी कल्हईही नको. ‘कथित आरोप’ म्हणजे आरोप झाला की नाही याचीच शंका. आरोप तर झालाय. ‘कथित गैरव्यवहाराचा आरोप’ यात शंका दोनदा आली. ‘कथित आरोपी’ ही तर सगळ्यात लोकप्रिय चूक. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. ते घटनेइतकंच पक्कं आहे, कारण आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे.

पाचवी पायरी: प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे?

शब्द टप्प्याप्रमाणे बदलतो. नुसता तक्रारअर्ज असेल तर ‘तक्रार’. गुन्हा दाखल होऊन नाव आलं नसेल तर ‘संशयित’, आलं असेल तर ‘आरोपी’. आरोपपत्र दाखल झालं की ‘आरोपपत्रात म्हटले आहे’, आणि हे पोलिसांचं म्हणणं आहे, न्यायालयाचं नाही, हे विसरायचं नाही. न्यायालयाने शिक्षा सुनावली की ‘दोषी’. इथे ‘कथित’ ठेवणं ही सावधगिरी नसून चूक आहे. अपील प्रलंबित असेल तर तसं सांगा, पण ‘कथित खुनी’ असं दोषी ठरलेल्या माणसाला म्हणायचं नाही.

उलट बाजूला घोळ जास्त होतो. खटला चालण्याआधीच नाव वगळलं तर ‘दोषमुक्त’, खटला चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. ‘पुराव्याअभावी सुटका’ ही आपली लाडकी ओळ. निकालपत्रात तसं असेल तरच ती लिहावी, नाहीतर सुटलेल्या माणसावर ते शेवटचं ‘कथित’ ठरतं. आणि पोलिसांनी तपास बंद केला असेल तर आपल्याकडे समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) कोणती ते विचारा. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. बी समरी म्हणजे तक्रार खोडसाळ, खोटी. सी समरी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. तिन्हींना ‘क्लीन चिट’ हा एकच मथळा देणारी वर्तमानपत्रं मी पाहिली आहेत. ए समरीत कुणालाही कसलीच चिट मिळालेली नसते.

आकड्याला ‘कथित’ कोण लावणार?

हा वेगळा मुद्दा आहे आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मोठमोठ्या संपादकांची इथे फसगत झाली आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये मोबाइल कंपन्यांना झालेल्या टूजी स्पेक्ट्रमच्या वाटपावरचा महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल संसदेत आला. त्यात सरकारच्या संभाव्य नुकसानीचे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले अंदाज होते, त्यातला सर्वात मोठा सुमारे १ लाख ७६ हजार कोटींचा. दुसऱ्या दिवसापासून मथळा झाला ‘पावणेदोन लाख कोटींचा घोटाळा’. काही जणांनी सावधपणे ‘कथित घोटाळा’ लिहिलं. पण बारकाईने पाहा: ‘१.७६ लाख कोटींचा कथित घोटाळा’ यात घोटाळ्याला शंका लागली, आकडा मात्र पक्का झाला. मूळ अहवालात नेमका आकडाच अनुमानाचा होता. तिथे हवा होता ‘अंदाजित’ हा शब्द, आणि ‘घोटाळा’ऐवजी ‘नुकसान’.

पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. म्हणजे वाटप मनमानी पद्धतीने झालं हे त्या दिवसापासून ‘कथित’ राहिलं नाही. २१ डिसेंबर २०१७ रोजी विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, सीबीआय त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. एकाच प्रकरणात वाटपाचा बेकायदेशीरपणा शाबीत, गुन्हा नाशाबीत, आणि नुकसानीचा आकडा अंदाजाचा. तिन्हीवर मिळून एक ‘कथित’ ठेवलं की वाचकाला यातलं काहीच कळत नाही.

आपल्याकडच्या सिंचनाच्या वादातही हेच झालं. ७० हजार कोटी हा दशकभरात सिंचनावर खर्च झालेल्या पैशांचा आकडा म्हणून पुढे आला आणि बघता बघता ‘७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा’ रूढ झाला. सगळाच्या सगळा खर्च घोटाळ्यात गेला असं म्हणायचं का? म्हणायचं असेल तर तसा हिशेब मांडा. नसेल तर आकडा आणि घोटाळा ही दोन वाक्यं करा.

कुणाच्या कथनाला लावता?

‘घरफोडीत पाच तोळे सोने चोरीला’ ही बातमी तक्रारदाराच्या सांगण्यावरूनच लिहिलेली असते. ‘कथित घरफोडी’ असं कुणी लिहीत नाही. पण बाईने विनयभंगाची तक्रार दिली की लगेच ‘कथित विनयभंग’. दोन्ही तक्रारींचा टप्पा एकच, कायदा एकच, मग विशेषण एकीलाच का? तुमच्या वर्तमानपत्राचे महिन्याभराचे अंक काढून ही मोजदाद एकदा करून पाहा.

यावर उपाय सगळीकडे ‘कथित’ लावणं हा नाही. दोन्ही ठिकाणी ‘तक्रार’ लिहायचं. ‘कथित पीडिता’ तर कधीच नको, ‘तक्रारदार’ किंवा ‘फिर्यादी’ हे स्वच्छ शब्द आहेत. आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात न्याय संहितेचं कलम ७२ व पॉक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ यांमुळे ओळख उघड करायला बंदी आहे. ‘कथित’ लिहून वर गाव, शाळा आणि नातेवाइकाचं नाव देणाऱ्याला या विशेषणाने वाचवलेलं नाही.

दुसरं टोक पोलिसांच्या कथनाचं. पोलीस म्हणतात ‘चकमक झाली’, आपण लिहितो ‘चकमक झाली’. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वर्सोव्याजवळ रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला तेव्हा पोलिसांनी सांगितलेला शब्द ‘चकमक’ होता. घरच्यांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ती ‘कथित चकमक’ झाली. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली आणि शब्द झाला ‘बनावट चकमक’. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम केली, शिवाय आधी सुटलेल्या एका माजी अधिकाऱ्यालाही दोषी धरलं. पहिल्या दिवशी ‘बनावट’ लिहिणं चूक होतं. पण पहिल्या दिवशी स्वतःच्या तोंडून ‘चकमक झाली’ म्हणणंही चूकच. ‘चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले’ ही ओळ २००६ मध्ये बरोबर होती आणि आजही आहे. तिला दुरुस्ती लागत नाही.

मतलेखात

अग्रलेखात आणि सदरात या शब्दाची दोन भावंडं भेटतात: तथाकथित आणि स्वयंघोषित. तिघांची कामं वेगळी आहेत. कथित म्हणतो, कुणीतरी असं सांगितलंय. तथाकथित म्हणतो, लोक याला या नावाने ओळखतात पण मला ते नाव मान्य नाही. स्वयंघोषित म्हणतो, हे नाव यानेच स्वतःला लावून घेतलंय.

‘तथाकथित’ला एक फार प्रतिष्ठेचा उपयोग आहे. ‘तथाकथित उच्च जाती’ असं लिहिणारा माणूस ‘उच्च’ हा शब्दच नाकारत असतो, आणि ते त्याला करायलाच हवं, कारण न नाकारता वापरला तर तो मान्य केल्यासारखं होतं. पण बहुतेक सदरांत तो डोळा मारण्यासाठी येतो: तथाकथित पुरोगामी, तथाकथित विचारवंत, तथाकथित राष्ट्रभक्त. कसोटी सोपी आहे. ‘तथाकथित’ खोडा आणि तुम्हाला ते नाव का मान्य नाही हे एका वाक्यात लिहून बघा. वाक्य सुचलं तर तेच छापा, ते जास्त लागेल. सुचलं नाही तर तुमच्याकडे मुद्दा नव्हता, फक्त नापसंती होती.

‘कथित’ही उपरोधाने वापरतात. ‘शहराचा कथित विकास’, ‘मंत्र्यांचा कथित अभ्यास’. इथे कुणी काही कथिलेलं नसतं, हवा असतो ‘नावापुरता’ किंवा सरळ अवतरणचिन्हातला ‘विकास’. गमतीची गोष्ट अशी की कायद्याला उपरोध कळतो. बदनामीच्या कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलंच आहे की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. ‘आपल्या अत्यंत प्रामाणिक नगरसेवकांचा कथित बंगला’ असं लिहून ‘मी तर प्रामाणिक म्हटलं होतं’ हा बचाव चालत नाही.

मतलेखकाची आणखी एक सवय: पहिल्या परिच्छेदात ‘कथित घोटाळा’, तिसऱ्यात ‘हा घोटाळा’, सातव्यात ‘या लुटारूंनी’. पुरावा कुठेच वाढलेला नसतो, फक्त लेखकाचा आवाज वाढलेला असतो. लेख झाला की प्रत्येक परिच्छेदातलं हे एकच नाम लाल पेनाने अधोरेखित करा आणि ते क्रमाने वाचा. घसरण लगेच दिसते.

मथळा

मथळ्यात जागा नसते, म्हणून मराठी उपसंपादकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. एकेरी अवतरण: ‘घोटाळा’. प्रश्नचिन्ह: पाणीपुरवठ्यात घोटाळा? आणि खास आपला तो सर्वनामाचा खेळ: ‘त्या’ शिक्षिकेची बदली. या तिन्हींत प्रश्नचिन्ह सर्वात वाईट. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही तो प्रश्न वाचकाला कशाला विचारायचा? ‘त्या’ने गावातल्या प्रत्येकाला माणूस कळतो, मग आड काय राहिलं? त्यापेक्षा विसर्गासारखं दिसणारं आपलं जुनं चिन्ह वापरा: ‘पाणीपुरवठ्यात गैरव्यवहार : विरोधकांचा आरोप’. कर्ता बाहेर आला, जागाही फार गेली नाही. एवढंच ध्यानात ठेवा की मोबाइलवर मथळा अर्ध्यात तुटतो आणि ‘विरोधकांचा आरोप’ दिसतच नाही. वेबसाइटसाठी तोच मथळा उलटा फिरवा: ‘विरोधक म्हणतात, पाणीपुरवठ्यात गैरव्यवहार’.

शेवटची पायरी: जुन्या पानांचं काय?

छापील अंक दुसऱ्या दिवशी पोह्याच्या गाडीवर जायचा. आता बातमी वर्षानुवर्षं शोधात सापडते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं होतं, त्यातल्या पाच जणांना फाशी. त्या दिवसापासून ‘दोषी’ लिहिणं बरोबरच होतं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ ची पानं मात्र आजही जशीच्या तशी उघडतात.

ती पुसू नका, आणि मागे जाऊन त्यात ‘कथित’ घुसडूही नका. त्या दिवशी तेच खरं होतं, तो इतिहास आहे. पानाच्या माथ्यावर, मजकुराच्या वर, तारखेसह दोन ओळी टाका:

‘ही बातमी सप्टेंबर २०१५ मधील आहे. या प्रकरणातील सर्वांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले असून राज्य सरकारने त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.’

छोट्या पोर्टलला यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. एक वही पुरते. ज्या बातमीत नाव घेऊन आरोप छापला, तिची तारीख, पोलीस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक आणि पानाचा पत्ता वहीत उतरवायचा, आणि दर तीन महिन्यांनी न्यायालयाच्या संकेतस्थळावर खटला कुठवर आला ते बघायचं. माझ्या वहीत सध्या अशा एकेचाळीस ओळी आहेत. सव्वीसांपुढे अजून काहीही लिहिता आलेलं नाही.